रितिकाकडून

नागपूर, ६ जुलै २०२५

जय भीम ताई,

दुर्गेशने माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "याच्यातलं विकाले काय काय आहे बे?" त्याच क्षणी सगळं बदललं. तोवर पळसगाव हे गाव होतं. त्याने विचारलं आणि माल झालं.

तू म्हणालीस, फोनवर तू नुसता ओरडतोस आणि मधातच कापतोस, त्यापेक्षा लिही. लिहितो. मेलवर ओरडता येत नाही असं तुला वाटत असेल तर पुढचं वाच.

तुला हा खेळ माहीत नाही, म्हणून आधी ते सांगतो. सगळं जग ठोकळ्यांचं असतं. माती खणायची, दगड फोडायचा, घर बांधायचं. इंटरनेटवर जागा भाड्याने घेऊन आपलं स्वतःचं जग चालवता येतं, त्याला सर्व्हर म्हणतात. माझ्या सर्व्हरचं नाव पळसगाव. वर्ध्याचे, भंडाऱ्याचे, चंद्रपूरचे लोक येतात. ओळख ना पाळख, पण एकमेकांची घरं शाकारून देतात. मी कॉलेज तिसऱ्या वर्षाच्या मधातच सोडलं ते सगळ्यांना दिसतं. जिथे सर स्वतःच म्हणतात, "मागच्या वर्षीची फाईल उतरवून आणा, मला वाचायला वेळ नाही," तिथे बसायची मला शिसारी येत होती, हे कोणाला दिसत नाही. बाबा तर माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर जेवतोय आणि ते विचारतात, "त्याले भाजी पाहिजे का विचार."

पळसगावात एक रीत आहे. ती रितिकाने पाडली. ती कामठीची, ड्राफ्टिंगचा कोर्स करते, आणि गावातला घाट, बाजार, पाण्याची टाकी, सगळं तिच्या हातचं आहे. नवीन माणूस आला की जुन्यापैकी कोणीतरी त्याच्यासाठी स्वतः लोखंड खणून कुदळ घडवायची. खेळात वस्तूवर नाव कोरता येतं, तर दांड्यावर दोघांची नावं कोरायची. माझ्या कुदळीवर आहे: "प्रशिकसाठी, रितिकाकडून." मी ती कधी वापरली नाही. वापरली की झिजते.

हसू नको.

तर आता दुर्गेश. माझ्याच वर्गात होता, त्याने मात्र कॉलेज सोडलं नाही, तो जातच नव्हता. त्याच्या काकाचं, भैय्याजीचं, जरीपटक्यात बॅगांचं दुकान आहे. वरची खोली रिकामी. म्हणतो, आपण सर्व्हरवर शॉप टाकू. तलवारी, टोप्या, पंख, जे लोकांना पाहिजे ते खरे पैसे भरून ऑनलाइन घ्यायचं आणि खेळात लगेच हातात येणार. जागा भैय्याजीची, कोडिंग माझं, डोकं त्याचं. त्याच्या डोक्यात काय आहे ते मला माहीत आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे. जिन्याच्या भिंतीवर तो आणि भैय्याजी मिळून इतके थुंकलेत की हात लावून चढता येत नाही.

तरी मी हो म्हणालो. कारण तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला नाही. हे दुकान चाललं की मी रितिकाला विचारणार. आज विचारून काय सांगू? कॉलेज सोडलेला पोट्टा आहे, बापाकडून भाजी मागायची चोरी आहे?

तुझा,
प्रशिक

•

खापरखेडा, ९ जुलै

प्रशिक बाबू,

जय भीम. वाचलं. मेलवरही ओरडता येतं, पटलं.

मी काउंटरवर बसून लिहून राहिली आहे, म्हणून तुटक झालं तर समजून घे. सकाळपासून विजेच्या प्लांटची राख पुसतेय. बांगड्यांच्या डब्यांवर बोटाने नाव काढता येईल इतकी बसते. तुझे भाऊजी म्हणतात, राखाडी रंगाच्या बांगड्याच ठेव, पुसायचं काम वाचेल. त्यांना दुकानातलं इतकंच कळतं.

मला खेळातलं कळत नाही, दुकानातलं कळतं. गिऱ्हाईक आलं की त्याला लहान वाटू द्यायचं नाही, एवढंच मी बारा वर्षं सांभाळलं आहे. तुझी तलवार विकत घेणाऱ्याने न घेणाऱ्याला मारलं तर तुझं ते गाव किती दिवस राहील? दुर्गेशला विचार. तो काही उत्तर देणार नाही, पण विचार.

आता दुसरं. ती पोरगी तुझ्याशी कधी काही बोलली का? म्हणजे तसलं? कुदळ तर ती सगळ्यांनाच देते, तूच लिहिलंस. मी काही म्हणत नाही. फक्त विचारते. तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मावशी परवा फोनवर म्हणाली, "पोट्टं खोलीत बसून कोणाशी तरी बोलते, हसते, मंग दार आपटते." मी म्हटलं, कामच तसं आहे.

दुकान सुरू करशील तेव्हा मला दिवस सांग. बोहनी माझ्या हातची झाली पाहिजे. माझ्या दुकानाची बोहनी तुझ्या आईने केली होती, एक डझन हिरव्या. अजून चालू आहे ना?

तुझी,
मायाताई

•

नागपूर, ३ ऑगस्ट

जय भीम ताई,

दुकान झालं! रविवारी उघडतो. मेलच्या खाली पत्ता दिला आहे, भाऊजींना म्हणावं गेम उतरवून द्या. बोहनी तुझीच.

तलवारीवरून दुर्गेशशी तीन वेळा भांडलो. तुझंच वाक्य त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "अबे, मारामारी नाही झाली तं लोकं कायले घेतीन? तू दुकान टाकून राहिला का वाचनालय?" मी माऊस फेकला. भैय्याजी खालून ओरडले, "फेका फेका, आपलाच हाय!" शेवटी ठरलं की मारायचं काही विकायचं नाही. टोप्या, पंख, झेंडे, घरात ठेवायच्या वस्तू. आणि कुदळ.

कुदळीचं मला सुचलं. ऐक. आता लोक वाढलेत. रोज नवीन येतात आणि जुन्यांना प्रत्येकासाठी लोखंड खणायला वेळ कुठे आहे? पोरं बिनाकुदळीची हिंडतात. मग दुकानातूनच का देऊ नये? दुकानाला एक नमुना लागतो. त्यात जी वस्तू ठेवू तिची हुबेहूब प्रत निघते, कितीही. दुर्गेशने कुठून तरी चकचकीत हिऱ्याची कुदळ आणली होती, पिवळ्या धुराची. ती मी काढून टाकली. मी माझी ठेवली. रितिकाने मला दिलेली.

फक्त पहिलं नाव बदलायची सोय केली. जो घेईल त्याचं नाव आपोआप येतं. म्हणजे तू घेतलीस तर दांड्यावर येणार: "मायासाठी, रितिकाकडून."

तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मजा जाईल. विचार कर, एक दिवस ती बाजारात येईल आणि तिला दिसेल की गावातल्या प्रत्येकाच्या हातात तिचं नाव आहे. फुलं देणारे खूप असतात ताई. असं कोणी कोणासाठी केलं आहे का?

दुर्गेशने ते बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. म्हणाला, "भाऊ, पोरीचं नाव? तू तं बिझनेसमन निघाला." मला त्याच्या दातांचीच घाण वाटली. त्याला कळणार नाही ते.

तू विचारलंस ती काही बोलली का. एकदा मी दोन दिवस ऑनलाइन नव्हतो तर तिने लिहिलं होतं, "कुठे होतास? टाकीचं छप्पर गळून राहिलं." असं सगळ्यांना विचारतात का?

प्रशिक

•

खापरखेडा, ११ ऑगस्ट

प्रशिक बाबू,

बोहनी केली!

तुझ्या भाऊजींनी काल सकाळी गेम उतरवून दिला आणि मग मला खुर्चीवर बसूच देईनात, स्वतःच खेळत राहिले. एक झाड तोडलं तर "मायाऽ, लाकूड!" म्हणून ओरडले. शेजारच्या भीमाबाई बघायला आल्या. शेवटी मी त्यांना उठवलं आणि तुझ्या दुकानात गेले. काय सुरेख केलं आहेस रे. पाट्या मराठीत. मी कुदळ घेतली. हातात आली आणि दांड्यावर माझं नाव! "मायासाठी, रितिकाकडून." खरं सांगते, माझ्या नावाने घडवलेली वस्तू मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. मंगळसूत्रही तयार घेतलं होतं.

म्हणून मग मी तिला शोधलं. ती घाटाजवळ पायऱ्या बांधत होती, डोक्यावर नाव दिसतंच. मी लिहिलं, "पोरी, कुदळ फार आवडली. प्रशिकची ताई आहे मी. तो तुझ्याबद्दल खूप सांगतो. दुकान तुझ्यामुळेच शोभतं." आशीर्वादही दिला.

तिने पायरीचा ठोकळा लावता लावता काढून घेतला. मला वाटलं लाजली. मग तिने लिहिलं, "ताई, ही मी बनवली नाही. दाखवता का?" मी दाखवली. तिने विचारलं, "दुकानात अशा अजून आहेत?" मी म्हटलं, पाहिजे तितक्या आहेत, तोच तर तुझा मान.

मग ती गेली. पायरी अर्धी राहिली.

प्रशिक, नमुना तिच्या कुदळीचा आहे हे तू मला लिहिलं होतंस. तिला सांगितलेलं नाही हेही लिहिलं होतंस, पण तेव्हा मला वाटलं, नवीन कुदळी तरी तीच घडवत असेल, फक्त त्या दुकानात मांडल्यात हे तिला ठाऊक नसेल. प्रत म्हणजे काय ते मला नीट कळलंच नव्हतं. माझ्याकडे प्रत निघत नाही ना, डझन संपलं की संपलं. काही चुकलं का माझं? कळव.

मायाताई

•

नागपूर, १४ ऑगस्ट

ताई,

काहून बोललीस? काहून? बोहनी करायची होती, करायची आणि निघायचं. आशीर्वाद कोणी मागितला होता?

दोन दिवस ती आली नाही. काल मी कामठीला गेलो. शेअर ऑटोत मागे चार जण, एकाच्या मांडीवर कोंबडीची पिशवी. तिच्या क्लासच्या बाहेर, ऑटो लागतात तिथे उभा राहिलो. ती वेदिकासोबत आली, तिची मैत्रीण, तीही पळसगावातली. मला बघून रितिका थांबली. आम्ही याआधी समोरासमोर एकदाच भेटलो होतो, तेव्हा हसली होती.

"नाव काढलं का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "रितिका, आधी ऐक. मी तुझा मान केला."

"मान? चंद्रपूरचा एक जण मले लिहिते, तू मले कुदळ देली, आता नंबर दे. दुसरा म्हणते, माह्यासाठी घडवली ना, मंग भेटत काहून नाही. मी कोणाले काही देलं नाही, प्रशिक. तू माह्या नावानं वाटून राहिला."

"ते पोट्टे कोण आहेत सांग, मी त्यायले..."

"त्यायले काय? त्यायच्या हातात तं तूच देलं."

आणि मग मी ते बोललो. तिथेच, ऑटोवाले "नागपूर, नागपूर, एकच सवारी" ओरडत असताना. की मी हे सगळं तिच्यासाठी केलं, कॉलेज, दुकान, सगळं. की मला ती आवडते. ती हसली नाही, रागावलीही नाही. नाकापुढे हात धरतात ना, नालीवरून जाताना, तसं तोंड केलं. म्हणाली, "मले तुह्याविषयी काहीच नव्हतं. आता शिसारी आहे. नाव काढ."

वेदिका म्हणाली, "भाऊ, ऑटो निघून राहिला. बसा."

बसलो. काय करणार होतो?

प्रशिक

•

खापरखेडा, १५ ऑगस्ट

प्रशिक,

माझं चुकलं असेल तर मी तिला सांगेन. पण मी बोलले नसते तर आणखी शंभर जणांच्या हातात तिचं नाव गेलं असतं आणि तू तिकडे बसून खूश झाला असतास. माझ्यावर ओरडायचं तर ओरड, मी पाठीशी घातलेलं आहे तुला लहानपणापासून, एक ओरडणं जास्त.

मला एक सांग. तुझ्या अख्ख्या पत्रात "मी नाव काढलं" हे कुठेच नाही. तू कामठीला जायच्या आधी काढायला पाहिजे होतंस. आल्यावर तरी काढलंस का?

माझ्या दुकानात एक बाई बसायच्या, देवकीबाई, बांगड्या भरून द्यायच्या. त्यांचा हात इतका हलका की बाया लांबून यायच्या. त्या गेल्यावर मी दुसरी बाई ठेवली. तुझे भाऊजी म्हणाले, पाटीवर देवकीबाईंचं नाव राहू दे, कोणाला कळतं? मी दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. गिऱ्हाईक कमी झालं. झालं तर झालं.

तिला पत्र लिहू नको. मेसेज करू नको. माफी मागायला जाऊ नको, तू माफी मागायला गेलास की भांडूनच येशील. नाव काढ.

मायाताई

•

नागपूर, २ सप्टेंबर

जय भीम ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. ती परत आली!

खरं सांगतो, नाव मी काढलं नव्हतं. त्या दिवशी कामठीहून आलो तो सरळ खोलीवर गेलो, काढायलाच बसलो होतो. दुर्गेश म्हणाला, "अबे, कुदळीवरच तं दुकान चालून राहिलं. टोप्या कोणी घेऊन नाही राहिलं. दोन दिवस थांब, राग उतरू दे तिचा." मी त्याच्यासाठी थांबलो नाही. मला वाटलं, नाव काढलं तर पळसगावात तिचं काय राहील? ती तर गेली. बोट कळीवर ठेवून बसून राहिलो आणि उठलो.

आणि बरं झालं. परवा बाजारात नाव दिसलं, रितिका. जुन्या खात्याचा पासवर्ड विसरली म्हणून नवीन काढलं म्हणते. मला तिने स्वतःहून लिहिलं: "जाऊ दे ना प्रशिक, राग गेला माझा. तू मनापासून केलं हे मला कळलं. नाव राहू दे. दुकान चांगलं चालव." शब्द न् शब्द उतरवला आहे.

आता रोज बोलतो. तिला मी सगळं सांगितलं, ताई. बाबांचं, भाजीचं, कॉलेजचं, तिच्या कुदळीला मी कधी दगड लावला नाही ते. ती ऐकते. बांधकाम करत नाही सध्या, परीक्षा आहे म्हणे. दुकानाजवळ उभी असते. नवीन लोकांशीही छान बोलते. चंद्रपूरवाल्याशीसुद्धा. मला आवडलं नाही, पण तिचा स्वभावच मोकळा.

दिवसभर काम करतो. नवीन वस्तू टाकतोय, दुर्गेशने यादी केली आहे: रितिकाकडून गुलाब, रितिकाकडून कंदील. तिने होकार दिला आहे. बघ, तू उगाच घाबरवलंस.

प्रशिक

•

खापरखेडा, ५ सप्टेंबर

प्रशिक बाबू,

बसून वाच.

तुझं पत्र वाचलं आणि मला काही केल्या पटेना. जी पोरगी नाक धरते ती पंधरा दिवसांत गुलाबाला हो म्हणेल? आज दुकान भीमाबाईंवर टाकलं आणि मी कामठीला गेले. तू क्लासची जागा लिहिली होतीस, तिथे विचारत विचारत. त्या दोघी भेटल्या. मी ओळख दिली तेव्हा रितिका आधी मागेच सरली. मग आम्ही रसवंतीवर बसलो.

ती परत आलेली नाही, प्रशिक. त्या दिवसापासून तिने तो खेळ उघडलाच नाही. फोनमधून काढून टाकला आहे. मी तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचून दाखवलं तर तिचा ग्लास तसाच राहिला. म्हणाली, "म्हणजे आता माह्या नावानं बोलूनही राहिले?" तिचे वडील कवडूजी हातमाग सोडून आता यंत्रमागावर जातात, आठ तास उभे. घरी हे कळलं तर तिचा क्लास बंद होईल ही तिला भीती आहे. तू तिच्या भीतीबद्दल कधी काही लिहिलं नाहीस, तुला माहीत नव्हती.

तुझ्याविषयी ती एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. वेदिकाने मात्र निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा: "नाव काढा, आणि आम्ही बांधलेलं आम्हाला परत द्या. घाट, टाकी, घरं. आम्ही दुसरीकडे लावून घेऊ." तिचा मेल पत्ता खाली देते. असं परत देता येतं का मला माहीत नाही. येत असेल तर दे.

तुझ्याशी रोज कोण बोलतं ते तूच बघ. मला वाटतं तुला कळलं आहे.

जेवून जा.

मायाताई

•

नागपूर, ८ सप्टेंबर

ताई,

जेवलो नाही.

परवा दुपारी खोलीवर गेलो. जिन्यात नवीन पिचकारी होती, ओली. दार उघडंच होतं. दुर्गेशची पाठ माझ्याकडे, गालात खर्रा, आणि भैय्याजी खुर्चीच्या मागे वाकून उभे. दुर्गेश टाइप करत होता आणि भैय्याजी सांगत होते, "लिही, 'मले पण तुमची आठवण येते.' तुमची लिही, इज्जतीनं."

स्क्रीनवर डाव्या बाजूला चंद्रपूरवाला होता. उजव्या बाजूला मी होतो. माझं सगळं तिथे होतं, बाबांचं, भाजीचं. खाली रितिकाच्या नावाने अर्धवट लिहिलेलं: "तू जेवलास का"

मला वाटायचं राग आला की डोळ्यापुढे लाल होतं. तसं काही नाही. सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं. मी दाराचा कडी-कोयंडा धरून उभा राहिलो.

भैय्याजींनी आधी पाहिलं. म्हणाले, "ये पार्टनर, बस. तुह्या भाजीवर तं आम्ही लय हसलो गा. तुहा बाप आन् माहा बाप एकच मॉडेल."

दुर्गेशने लपवलंसुद्धा नाही. खुर्ची फिरवली. "हे बघ, चिडू नको. तू रडत बसला होता, काम बंद. मी म्हटलं पोट्ट्याले बरं वाटन. वाटलं का नाही? खरं सांग."

मी त्याची कॉलर धरली. भैय्याजी मधात आले, "अबे, अबे, कीबोर्ड!"

"सोड," दुर्गेश म्हणाला. त्याचा आवाज चढलाही नाही. "तूच तं सुरू केलं बे. तिनं कुदळ देली नाही आन् तू लिहिलं रितिकाकडून. ती बोलली नाही आन् मी लिहिलं रितिकाकडून. मले सांग ना फरक. तुले जमलं तं प्रेम, मी केलं तं घाण?"

ताई, मी फरक शोधला. तिथेच उभं राहून, त्याची कॉलर हातात धरून. मनाशी म्हटलं, मी मनापासून केलं, तो पैशासाठी करतो. पण चंद्रपूरवाल्याला काय फरक? रितिकाला काय फरक? माझी बोटं आपोआप सुटली. त्याच्या शर्टाला खर्ऱ्याचा लाल डाग होता, तो माझ्या अंगठ्याला लागला होता, आणि मला दोघांतल्या कोणाची जास्त घाण वाटत होती ते सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, "सरक. नाव काढतो."

"काढ," तो म्हणाला. "दोन दिवसांत परत टाकशीन."

बसलो. दुकानातून कुदळ काढली, गुलाब काढला, कंदील काढला. विकलेल्या कुदळींवरचं दुसरं नाव पुसायला थोडा वेळ लागला, पण पुसलं. तुझ्याही कुदळीवरचं गेलं असेल. आता फक्त "मायासाठी" राहिलं असेल, राहू दे. मग ते खोटं खातं बंद केलं. माझी तिच्याकडून आलेली खरी कुदळ, तीसुद्धा नमुन्यात होती. ठेवली असती तर कोणी बघितलं नसतं. ती वितळवली. पहिल्यांदाच वापरली म्हण.

मग पळसगावची अख्खी प्रत काढली. घाट, बाजार, टाकी, अर्धी राहिलेली पायरी, सगळ्यांची घरं. ती वेदिकाच्या पत्त्यावर पाठवायला लावली. दुर्गेशला वाटलं मी अजून नावंच पुसतोय. तो भैय्याजींसोबत मॅचचा स्कोर बघत होता. जात जात शेवटी गेली. वेदिकाला सोबत काही लिहिलं नाही. कशी लावायची तेवढ्या सूचना लिहिल्या. नव्या जागेच्या चाव्यांत, म्हणजे ती कोण चालवणार त्या यादीत, माझं नाव घालू नका, हेही लिहिलं.

शेवटी बाजारात सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "रितिकाकडून म्हणून तुम्हाला जे मिळालं ते तिने दिलेलं नाही. ते नाव मी, प्रशिकने, तिला न विचारता घातलं. तिच्या नावाने जे बोलत होते ते पुरुष होते. तिला मेसेज करू नका." चंद्रपूरवाल्याने विचारलं, "भाऊ, मग मी कोणाशी बोलत होतो?" तोही बिचारा माझ्यासारखाच जेवला की नाही सांगत असेल.

तेव्हा दुर्गेशने पाहिलं. उडी मारून आला, वाचलं, आणि त्याच्या तोंडातून खर्राच बाहेर आला. "अबे येड्या! काय केलं बे! दुकान बुडवलं ना!"

"तुझं बुडवलं नाही," मी म्हटलं. "टोप्या आहेत, पंख आहेत. विक."

"आन् तू? तू काय करशीन? कॉलेज सोडलं, पोरगी गेली, आता हे बी सोडतं? घरी काय सांगशीन बे, बापाले?"

ते मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तू सांगू नको, मी सांगेन, आणि या वेळी बाबांनाही समोरासमोर सांगेन, आईमार्फत नाही. वेदिकाचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही, यायला पाहिजे असंही नाही. पळसगाव दुसरीकडे उभं राहिलं की नाही हे मला कधी कळणार नाही, आणि सध्या मला सगळ्यात जास्त तेच छळतं, रितिकापेक्षाही. खोटं वाटेल तुला.

चार्जर काढला, बॅगेत टाकला. दुर्गेश शिव्या देत राहिला, आधी मराठीत, मग हिंदीत. मधातच लाइट गेली, पंखा थांबला, आणि खोलीत तो वास नुसता साचून राहिला होता. भैय्याजी घाम पुसत खुर्चीत बसले. मी चपला घालत होतो तेव्हा म्हणाले, "जातं तं जाय गा पार्टनर, पण दार उघडं राहू दे. तेवढीच हवा येते."

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.